शिस्त कुठल्या गोळीची?

(सार्वजनिक व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



‘शिस्त’ म्हटलं की आज आपल्याला शाळेची रांग आठवते. वेळेवर येणं, नीटनेटकं राहणं वगैरे. पण जुन्या मराठीत या शब्दाचा अर्थ होता नेम. शिस्त धरणं म्हणजे नळी लक्ष्याच्या रेषेत आणणं. शब्द फारसीतून आला आणि मग आपल्याकडे त्यानं वेगळाच संसार थाटला. आज मी बोलणार आहे ते या जुन्या अर्थाच्या शिस्तीबद्दल.

बंदुकीच्या नळीच्या टोकाला एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या बाजूला एक पट्टी असते, तिच्यावर सरकणारा तुकडा असतो आणि आकडे कोरलेले असतात. २००, ३००, ४००. पुढे दुर्बीण आली, तेव्हा हेच आकडे दुर्बिणीच्या फिरत्या चकतीवर गेले. शिपायाला शिकवतात की शत्रू चारशे यार्डांवर असेल तर पट्टी चारशेवर आण, नेम धर आणि चाप ओढ.

आता प्रश्न असा, की तो ४०० चा आकडा नेमका काय सांगतो? आपण म्हणू, अंतर सांगतो. पण पट्टीला अंतर कुठून कळणार? ती फक्त नळीला जरासा कोन देते. त्या कोनातून सुटलेली गोळी चारशे यार्डांवर नेमाच्या रेषेला येऊन मिळेल, असा कुणीतरी आधी काढलेला हिशोब त्या आकड्यात असतो. आणि तो हिशोब एका विशिष्ट गोळीचा असतो. तिचं वजन, तिचा आकार, तिच्यामागची दारू, त्या नळीची लांबी, हे सगळं गृहीत धरलेलं असतं. यातलं काही बदललं की आकडा दिसायला तोच राहतो, पण त्याचा अर्थ बदललेला असतो. शिपायाला मात्र ते दिसत नाही.

गेल्या सव्वाशे वर्षांत हे अनेकदा घडलं, आणि त्यातल्या काही गोष्टी थेट आपल्या शिपायांच्या हातात घडल्या. त्या गोष्टी आज सांगतो.

रेषा सरळ, वाट वाकडी

आधी थोडं मूळ समजून घेऊ. नजर सरळ जाते, गोळी सरळ जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडायला लागते, हातातून सुटलेला दगड पडतो तशीच. म्हणून नळी किंचित वर रोखायची. गोळी नेमाच्या रेषेच्या खालून निघते, रेषा ओलांडून वर जाते आणि पुढे कुठंतरी पुन्हा रेषेवर उतरते. ती दुसऱ्यांदा कुठं उतरणार, हे ठरवणं म्हणजे पट्टी लावणं.

गॅलिलिओनं १६३८ मध्ये दाखवलं की हवेचा विरोध नसेल तर फेकलेल्या वस्तूची वाट अन्वस्त असते, ज्याला आपण पॅराबोला म्हणतो. गणित सुंदर होतं. पुढची शंभर वर्षं बऱ्याच लोकांनी असं धरलं की जड, छोट्या गोळीला हवा फारशी अडवणार नाही.

हा समज मोडला बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञानं. १७४२ मध्ये त्याचं तोफाशास्त्रावरचं पुस्तक आलं. त्यानं एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगला आणि त्यावर गोळी झाडली. ठोकळा किती मागं झुलला, ते मोजलं. त्यावरून गोळीचा वेग काढता येतो. गोळीचा वेग प्रयोगानं नीट मोजण्याची ही पहिली भरवशाची रीत. मस्केटच्या गोळीचा वेग सेकंदाला सोळाशे-सतराशे फूट निघाला. आता गंमत बघा. हवा नसेल तर सतराशे फुटांच्या वेगानं ४५ अंशांत झाडलेली गोळी सतरा मैल जायला हवी, म्हणजे सत्तावीस किलोमीटर. प्रत्यक्षात ती अर्धा मैलसुद्धा जात नव्हती. बाकीचं सगळं हवा खात होती.

हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनियर म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. ज्या माणसानं गोळीचा वेग मोजला, त्याचा शेवट आपल्याकडे झाला, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

रॉबिन्सनंतर एक गोष्ट पक्की झाली. पट्टीवरचे आकडे घरात बसून नुसत्या गणितानं कोरता येणार नाहीत. वेग मोजावा लागेल, हवा किती अडवते ते मोजावं लागेल, आणि शेवटी मैदानात जाऊन प्रत्यक्ष झाडून बघावं लागेल. गोळी नळीत असतानाच नळी थरथरते आणि धक्क्यानं वर उचलली जाते. ते किती, हेही झाडल्याशिवाय कळत नाही.

पट्टीला महत्त्व कधी आलं

गुळगुळीत नळीच्या मस्केटला अशा पट्टीची गरजच नव्हती. शंभर यार्डांपलीकडे गोळी कुठं जाईल याचा भरवसा नव्हता. १८५३ ची एन्फील्ड आली तेव्हा चित्र बदललं. आपल्याला एन्फील्ड म्हटलं की १८५७ आणि काडतुसाची चरबी आठवते, ते बरोबरच आहे. पण त्याच बंदुकीच्या नळीत आटे होते, आणि मागच्या पट्टीला शंभर ते चारशे यार्डांच्या पायऱ्या होत्या. त्यापुढच्या अंतरांसाठी पट्टी शिडीसारखी उभी करायची.

या बंदुकीची गोळी मोठी आणि मंद. तिची वाट इतकी वाकडी, की दूरवर अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी डोक्यावरून जायची किंवा पायाशी पडायची. त्यामुळे अंतर ओळखणं ही शिपायाच्या शिक्षणातली मोठी बाब झाली. इंग्लंडात हाईथ इथं १८५३ मध्ये त्यासाठी शाळा काढली गेली.

१८८८ मध्ये ब्रिटिशांनी ली-मेटफर्ड घेतली. नळी बारीक झाली, ०.३०३ इंच. हीच आपली ‘थ्री नॉट थ्री’. सुरुवातीला काडतुसात जुनी काळी दारू होती, १८९१ पासून कॉर्डाइट आलं. कॉर्डाइट इतकं गरम जळायचं की मेटफर्डचे उथळ आटे झिजून जायचे. म्हणून १८९५ मध्ये खोल आट्यांची नळी घालून ली-एन्फील्ड केली. नुसती दारू बदलली म्हणून नळी बदलावी लागली, हे लक्षात ठेवा. या यंत्रात कुठलाही भाग एकटा नसतो.

मग बोअर युद्ध आलं. १८९९ मध्ये ली-एन्फील्ड दक्षिण आफ्रिकेत पोचल्या आणि कळलं की त्यांतल्या अनेक बंदुकांच्या नेमातच दोष आहे. पाचशे यार्डांवर गोळी सुमारे अठरा इंच उजवीकडे पडत होती. अठरा इंच म्हणजे माणसाच्या खांद्यांची रुंदी. छातीच्या मध्यावर धरलेला नेम माणसाला स्पर्शही न करता बाजूनं जाणार. समोर बोअर शेतकरी, लहानपणापासून बंदूक हाताळलेले. आणि इकडचा शिपाई आपलाच हात हलतोय असं समजून स्वतःला दोष देत असणार. पट्टीवर विश्वास ठेवायलाच त्याला शिकवलेलं होतं.

१९१०: आकडे तेच, गोळी नवी

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

१८८८ पासून थ्री नॉट थ्रीच्या काडतुसात खूप बदल झाले. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली ती कुप्रसिद्ध गोळी याच मालिकेतली. १८९९ च्या हेग परिषदेनंतर शरीरात पसरणाऱ्या गोळ्या मागं पडल्या आणि १९०४ मध्ये मार्क ६ हे काडतूस आलं. पण या सगळ्या काळात गोळीचं वजन २१५ ग्रेनच राहिलं, साधारण १४ ग्रॅम, आणि टोक गोलच राहिलं. त्यामुळे पट्टीचं आणि गोळीचं नातं फारसं बिघडलं नाही.

इकडे युरोपात वेगळं चाललं होतं. फ्रान्सनं १८९८ मध्ये टोकदार गोळी काढली. जर्मनीनं थोड्याच वर्षांत आपली हलकी, टोकदार ‘एस’ गोळी आणली. अमेरिकेनं १९०६ मध्ये तेच केलं. टोकदार गोळी हवा कापत जाते, तिचा वेग टिकतो, तिची वाट सपाट होते. वाट सपाट असली की अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालतो. सेनापतींना हे हवंच होतं, कारण घाबरलेल्या माणसाचा अंदाज चुकणारच.

ब्रिटननं १९१० मध्ये मार्क ७ काढलं. गोळी १७४ ग्रेन, टोकदार. मार्क ६ चा वेग सेकंदाला २०६० फूट होता, मार्क ७ चा २४४० फूट. काडतुसाचं पितळी कवच तेच. म्हणजे नवं काडतूस जुन्या बंदुकीत घातलं तर बसायचं, आणि चाप ओढला तर सुटायचंसुद्धा. घोटाळा इथंच होता.

हिशोब करून बघू. हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवू. चारशे यार्ड म्हणजे ३६६ मीटर. मार्क ६ ला तिथं पोचायला सेकंदाचे ५८ शतांश लागतात, तेवढ्यात ती १ मीटर ६७ सेंटिमीटर पडते. मार्क ७ ला ४९ शतांश लागतात, ती १ मीटर १९ सेंटिमीटर पडते. फरक अर्ध्या मीटरचा. हवा धरली तर फरक आणखी वाढतो. म्हणजे पट्टी मार्क ६ ची, काडतूस मार्क ७ चं, नेम छातीवर, आणि गोळी डोक्यावरून. खंदकातून फक्त डोकं आणि खांदे दिसणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर विचारूच नका.

उपाय एकच होता. पट्ट्या बदलायच्या, आकडे नव्यानं कोरायचे. ब्रिटिशांनी जुन्या बंदुका घेऊन नव्या पट्ट्या बसवायला सुरुवात केली. बदललेल्या बंदुकीवर ‘एच. व्ही.’ अशी अक्षरं ठोकायची, हाय व्हेलॉसिटीची आद्याक्षरं. ती अक्षरं म्हणजे शिपायाला दिलेली खूण, की या पट्टीचा हिशोब नव्या गोळीचा आहे. पण लाखो बंदुका एका दिवसात बदलत नाहीत. साम्राज्य मोठं, पैसा मोजका, आणि हिंदुस्थानी फौजेला नवं सामान सगळ्यांच्या मागून मिळायचं, हा तर जुनाच रिवाज.

मार्सेयमध्ये बदललेल्या बंदुका

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झालं. २६ सप्टेंबरला लाहोर डिव्हिजनची जहाजं फ्रान्सच्या मार्सेय बंदरात लागली. हिंदुस्थानातून आलेल्या या पलटणींच्या बंदुका जुन्या काडतुसासाठी लावलेल्या होत्या, आणि फ्रान्समध्ये ब्रिटिश फौज मार्क ७ झाडत होती. एकाच आघाडीवर दोन प्रकारची काडतुसं पुरवायची, म्हणजे कधीतरी चुकीची पेटी चुकीच्या खंदकात जाणारच. म्हणून मार्सेयमध्येच जुन्या बंदुका काढून घेतल्या आणि नव्या हातात दिल्या.

निर्णय योग्यच होता. पण शिपायाच्या बाजूनं बघा. त्यानं वर्षानुवर्षं एका बंदुकीवर हात बसवलेला. तिचा धक्का, तिचा चाप, कुठल्या अंतराला नेम किती वर धरायचा, हे सगळं अंगात भिनलेलं. आता परक्या देशात, थंडी-पावसात, नवी बंदूक आणि नवी गोळी. आणि महिन्याभरात लढाई. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेल गावावर जो हल्ला झाला, त्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. हे सॅपर्स कुठले? आपल्या पुण्याजवळच्या खडकीचे. आज ज्यांना आपण बॉम्बे सॅपर्स म्हणतो ते. त्या दिवशी त्यांची भयंकर हानी झाली. ती नव्या बंदुकांमुळे झाली असं मी म्हणत नाही. तिथं मशीनगन होत्या, मदत पोचत नव्हती, बरंच काही होतं. मी एवढंच म्हणतोय, की खडकीतून निघालेल्या या माणसांना आपल्या हत्याराशी नव्यानं ओळख करून घ्यायला जेमतेम महिना मिळाला.

दुर्बीण आली, प्रश्न तोच

खंदकांचं युद्ध सुरू झालं आणि दुर्बिणीच्या बंदुकांना दिवस आले. जर्मनांकडे शिकारीची परंपरा मोठी. युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात तिथं दुर्बीण लावलेल्या खासगी शिकारी बंदुका गोळा करून आघाडीवर पाठवल्या गेल्या.

पण शिकारी बंदुका बहुतेक जुन्या ८८ च्या काडतुसासाठी बनलेल्या. त्यांची नळी आतून किंचित अरुंद. फौजेची नवी ‘एस’ गोळी किंचित जाड. ती या नळीत झाडणं धोक्याचं, आणि दुर्बिणीचा हिशोब चुकणार तो वेगळाच. मग त्यांनी काय केलं? दस्त्यावर धातूची पट्टी ठोकली. तिच्यावर जुन्या काडतुसाचं चित्र आणि सूचना, की फक्त ८८ चं काडतूस वापरा, एस वापरू नका. अंधारात, चिखलात चित्र तरी ओळखता यावं म्हणून. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ती सगळ्यात प्रामाणिक वस्तू आहे. पट्टीवरचा आकडा जे लपवतो, ते ती उघड सांगते.

ब्रिटिशांनी दुर्बिणी मागवल्या, बसवल्या, आघाडीवर पाठवल्या. पण त्या लावायच्या कशा हे शिकवलंच नव्हतं. हेस्केथ-प्रिचर्ड नावाचा एक शिकारी, लेखक आणि क्रिकेटपटू तिथं अधिकारी होता. खंदकांतून फिरताना त्याला दिसलं की बऱ्याचशा दुर्बिणींचा नेमच जुळलेला नाही. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना, आदळआपट होताना त्या हललेल्या, आणि कुणी पुन्हा झाडून तपासलेलं नाही. त्यानं फ्रान्समध्ये स्नायपिंगची शाळा काढली आणि आधी बंदुका तपासायला शिकवलं, मग माणसांना नेम धरायला. १९२० मध्ये त्यानं ‘स्नायपिंग इन फ्रान्स’ हे पुस्तक लिहिलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हा धडा विसरले नव्हते. ४ नंबरच्या बंदुकीवर ३२ नंबरची दुर्बीण बसवायचं काम लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूकवाल्यांकडे दिलं. प्रत्येक दुर्बीण एकेका बंदुकीला जुळवलेली, आणि दुर्बिणीचा क्रमांक बंदुकीच्या लाकडावर कोरलेला. म्हणजे जोडी फुटू नये. एखाद्याच्या बंदुकीची दुर्बीण काढून दुसऱ्या बंदुकीवर चढवणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावण्यासारखं.

आकडे कोरायचे की क्लिक मोजायचे

इथून पुढे जगात दोन विचार दिसतात.

पहिला विचार असा, की शिपायाला हिशोब करायला लावू नका. चकतीवर सरळ अंतर लिहा. तो अंतर ओळखेल, चकती फिरवेल, संपलं. सोव्हिएत द्रागुनोव्हची दुर्बीण अशी आहे. ही बंदूक १९६३ मध्ये आली आणि पुढे आपल्या लष्करातही वापरली गेली. तिच्या चकतीवर हजार मीटरपर्यंतचे आकडे आहेत. भिंगातच एक वाकडी रेघ आहे, तिच्यात उभ्या माणसाची उंची बसवली की अंतर कळतं. माणसाची उंची धरली आहे १ मीटर ७० सेंटिमीटर.

अमेरिकेत जेम्स लेदरवुड यांनी १९६० च्या दशकात याच्याही पुढचं केलं. दुर्बीण मोठी-लहान करणारी कडी एका वाकड्या धातूच्या चकतीला जोडली. लक्ष्य भिंगातल्या दोन रेघांमध्ये बसेपर्यंत कडी फिरवायची. ती फिरताना चकती दुर्बिणीला आपोआप योग्य कोन द्यायची. आकडा वाचायचीही गरज नाही. पण त्या चकतीचा वाकडेपणा म्हणजे एका ठराविक काडतुसाची वाटच होती, धातूत कापलेली. काडतूस बदललं की चकती बदला.

दुसरा विचार असा, की चकतीवर अंतर लिहूच नका, फक्त कोन लिहा. एका क्लिकला इतका कोन. एक मिनिट कोन म्हणजे शंभर मीटरवर साधारण तीन सेंटिमीटर. मिलिरेडियनचा दहावा भाग म्हणजे शंभर मीटरवर एक सेंटिमीटर. कुठल्या गोळीला, कुठल्या अंतराला किती क्लिक, याचा तक्ता माणसानं स्वतः झाडून, वहीत लिहून तयार करायचा. गोळी बदलली की तक्ता बदला, दुर्बीण तीच राहते.

पहिल्या विचारात सोय आहे, दुसऱ्यात खरेपणा. घाईत, भीतीत, रात्री कुणी वही उघडत नाही, म्हणून पहिला विचार मरत नाही. आणि काडतुसं बदलत राहतात, म्हणून दुसरा मरत नाही.

आपल्या घरची गोष्ट सांगतो. १९६२ नंतर आपण ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाकडे वळलो. ईशापूरच्या कारखान्यात जुन्या ली-एन्फील्डच्या घाटावरच, जास्त मजबूत पोलाद वापरून, ७.६२ ची बंदूक केली, तिचं नाव २ए. तिच्यावर मागची पट्टी जुनीच होती, दोन हजारांपर्यंत आकडे असलेली. पुढच्या २ए१ मध्ये ती जाऊन आठशेपर्यंतची आली. दोन हजार यार्डांचा आकडा सगळी पलटण मिळून एकत्र फैरी झाडायची, त्या काळाचा. ती लढाईची पद्धत कधीच संपली होती, आकडा मात्र पितळेत-पोलादात टिकून होता. आणि दिसायला ही बंदूक इतकी थ्री नॉट थ्रीसारखी, की आजही लोक तिला थ्री नॉट थ्रीच म्हणतात. काडतूस मात्र वेगळं.

उंचावरची हवा

एक शेवटचा मुद्दा. गोळी तीच, दारू तीच, बंदूक तीच. तरी आकडा चुकू शकतो, कारण हवा बदलते.

१९९९ मध्ये कारगिलला टायगर हिलसारखी शिखरं पाच हजार मीटरच्या वर होती. तिथं हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच असते. विरोध कमी, म्हणून गोळी वर लागते, तोफेचा गोळा लांब जातो. सपाटीवर केलेले तक्ते तिथं तसेच चालत नाहीत. आपल्या तोफखान्याला तिथं नव्यानं हिशोब करावे लागले, प्रत्यक्ष मारा बघून सुधारावे लागले. भरीला चढावर रोखलेला नेम. तिरप्या अंतराचं नाही, तर आडव्या अंतराचं मोजायचं, नाहीतर गोळी पुन्हा वरच जाते. आणि कडाक्याची थंडी याच्या उलट खेचते. दारू मंद जळते, थंड हवा थोडी दाट होते, गोळी खाली येते.

म्हणजे रॉबिन्सनं लंबक टांगून जे सांगितलं, तेच पुन्हा शिखरावर शिकावं लागलं. हवा विसरू नका.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: आता मोबाइलमध्ये हे सगळं मोजणारी ॲप आहेत. मग हा प्रश्न संपलाच ना?*

हिशोब करायचे कष्ट संपले. पण संगणकाला तुम्ही काय सांगता, त्यावर सगळं आहे. गोळीचा वेग किती, तर पेटीवर छापलेला. तो कारखान्याच्या नळीत मोजलेला असतो. तुमची नळी आखूड असेल तर वेग कमी. म्हणून जाणकार माणूस आधी आपल्या नळीतून झाडून वेग मोजतो आणि मग यंत्राला सांगतो. नाहीतर चुकीचंच उत्तर मिळतं, फक्त दशांश चिन्हानंतर दोन आकडे लावून. १९१० ची पट्टी आणि आजचं ॲप, दोघांनाही खोटं सांगितलं की दोघंही आत्मविश्वासानं खोटं बोलतात.

*प्रश्न: हे सगळं युद्धाचं झालं. नेमबाजीच्या खेळात तर अंतर ठरलेलं असतं. तिथं याचा काय संबंध?*

चांगला प्रश्न. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते तुम्हाला आठवत असेल. तेजस्विनी सावंत याही कोल्हापूरच्याच, २०१० मध्ये ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या. या खेळात अंतर कायम ५० मीटर. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. तिथं दुर्बीण नसते, बारीक छिद्रातून बघायचं असतं, पण क्लिक असतात.

अंतर ठरलेलं, बंदूक ठरलेली, तरी या पातळीचे नेमबाज काडतुसांची तपासणी करतात. एकाच कारखान्याची, एकाच नावाची काडतुसं, पण वेगवेगळ्या खेपांची. प्रत्येक खेप आपल्या नळीतून झाडून बघायची आणि जी खेप सगळ्यात जवळजवळ छिद्रं पाडते, तीच निवडायची. कागदावर दोन्ही खेपा सारख्याच असतात, आणि नळीला त्यातली एक मानवते, दुसरी मानवत नाही. का, ते नेहमी सांगता येत नाही, झाडून मात्र दाखवता येतं.

जुन्या अर्थानं शिस्त म्हणजे नेम आणि नव्या अर्थानं शिस्त म्हणजे न कंटाळता रोज तपासणं. या खेळात दोन्ही अर्थ एकत्र येतात.